फक्त भाव विचारला

दोर्दोईच्या बाजारात दुकान म्हणजे लोखंडी कंटेनर.
खालच्यात माल मांडायचा, वरच्यात साठवायचा.
जानेवारीत कडीला उघडा हात लागला
तर कातडी तिथेच राहते.
मी बुरुल्चा. बावीस वर्षं थर्मास विकते.

गिऱ्हाईक आधी थर्मास उलटा करतं,
बुडाखालचा आकडा वाचतं,
मग सरळ धरून विचारतं:
चांगला आहे का?

डावीकडे साडेचारशे सोमचा.
अंगावर गुलाब, पोटात काच.
कानाशी धरला तर आत कुणीतरी
दम धरून बसल्यासारखं वाटतं.
उजवीकडे एकोणीसशेचा, पोलादी, मुका.
बर्फावर आपटला तर बर्फाला खोक पडेल.

परवा कंपनीचा एक पोरगा आला,
हातात टॅब्लेट, नाक लाल.
"मावशी, लोक काय बघतात? टिकाऊपणा की किंमत?
एकावरच खूण करायची."
मी म्हटलं, लोक म्हणजे कुठले?
पगाराच्या दिवशीचे, की महिनाअखेरचे?
त्याच्याकडे तसा रकाना नव्हता.
चहा पिऊन गेला बिचारा.

कुठली खूण करणार होते मी?
मेंढपाळ सागिननं पोलादी घेतला, घासाघीस न करता.
"वरच्या कुरणात फुटला,
तर भाव कुणाला विचारू?"
आयझिरेकनं गुलाबाचा घेतला,
मॉस्कोच्या बसला तासभर उरला होता.
"तीन दिवस टिकला की झालं," म्हणाली.
पुढचं बोलली नाही, मीही विचारलं नाही.
आणि ती फरच्या कोटातली बाई,
जिनं सगळ्यांत जास्त हुज्जत घातली,
वीस सोम पाडून घेतले
आणि जाता जाता म्हणाली,
"ड्रायव्हरसाठी आहे, चालेल कसाही."

पण मला सांगायचंय ते तोक्तोसुनबद्दल.

पहिल्यांदा आला तेव्हा एक्याऐंशीचा होता.
मडकं वाजवून घ्यावं तसे
दोन्ही थर्मास नखानं वाजवले.
"याची गॅरंटी किती?"
दहा वर्षं, मी म्हटलं.
हसला, तीन दात दिसले.
"आणि माझी कोण देणार?
मागे राहील अशी वस्तू घेऊन काय करू?
सुना भांडतील."
गुलाबाचा घेऊन गेला.

पुढच्या थंडीत परत दारात.
"तो फुटला," म्हणाला, "मी नाही."
आवाजात तक्रार होती की फुशारकी,
कळलं नाही.
पुन्हा साडेचारशे मोजले.
तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी तेच.
एकदा काच तडकली, एकदा नातवानं पाडला,
एकदा नुसताच गार पडू लागला,
रात्रीचा चहा पहाटे ओठाला लागेना.

हिशेब मला येतो.
चार हिवाळ्यांचे अठराशे.
पोलादी कधीच त्याच्या घरी असता,
अजून वाफ धरून असता.
त्याला मी हे कधी सांगितलं नाही.
माल खपतो म्हणून नाही सांगितलं,
असं कुणी म्हटलं तर म्हणो,
थोडं खरंही आहे ते.
पण त्याच्या हाताकडे बघून वाटायचं,
हा थर्मास विकत घेत नाही,
एक हिवाळा घेतो. सुटा.
सुट्या मालाला दर जास्तच पडतो,
साखरेला पडतो, औषधाच्या गोळीला पडतो.
ज्याला अख्खं पोतं उचलत नाही
त्याला कोण सांगणार पोतं स्वस्त पडतं म्हणून?

काल पाचव्यांदा आला.
भवानी व्हायची होती, दार अर्धंच उघडलं होतं.
मी न विचारता गुलाबाचा पुढे सरकवला.
त्यानं तो उलटा केला नाही.
बोटानं उजवीकडे दाखवलं.
"तो केवढ्याला?"

माझ्या तोंडून चौदाशे निघालं.
चौदाशेला तो मला घरातही येत नाही.

बराच वेळ पोलादावर हात ठेवून उभा राहिला,
घोडा बघावा तसा.
"फक्त भाव विचारला," म्हणाला,
आणि खिशातून साडेचारशे काढले,
मोजलेले, दोऱ्यानं बांधलेले.

दोरा सोडायला त्याला वेळ लागला.
मी घाई केली नाही.